मिस्त्रींचे कान

"बोला त्यांच्याशी, काकू," सिस्टर म्हणाली. "बेशुद्ध माणसालाही सगळं ऐकू येत असतं."

काकूंना हसू आलं. तोंडावर मास्क होता म्हणून निभावलं. शुद्धीत असताना ज्या माणसाला दाराची बेल ऐकू येत नव्हती, त्याला बेशुद्धीत सगळं ऐकू येणार म्हणजे आजारपण लाभलंच म्हणायचं.

तरी त्या वाकून बोलल्या. "अहो, मोरीचा नळ गळायचा थांबला. सुनेनं स्वतः वायसर बसवला. तुम्ही नुसतं 'बघतो, बघतो' करत वर्ष काढलंत."

मिस्त्रींनी डोळे उघडले, काकूंच्या मास्ककडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. घशात नळी, मनगटं पट्ट्यांनी पलंगाला बांधलेली. उशाशी यंत्राचा भाता चाललेला. छाती फुगायची, बसायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांना तेल घालणारा माणूस आता यंत्राच्या जिवावर पडून होता. "चला काकू, वेळ संपली," सिस्टर म्हणाली. काकूंनी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती.

बाहेरच्या हॉलमधल्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. एक माणूस उठला की सगळी रांग हलायची आणि डुलक्या घेणारे दचकून आतल्या दाराकडे बघायचे. तिथं कुणी कुणाला नावानं ओळखत नव्हतं. काकू म्हणजे 'न्यूमोनियावाल्यांची बायको'. शेजारच्या शिकवणीवाल्या बाई म्हणजे 'कोपऱ्यातल्याची बहीण'. त्या मांडीवर पोरांचे पेपर घेऊन बसायच्या आणि एकच पेपर सकाळपासून तपासायच्या. चार्जर, पाण्याची बाटली, रडं, सगळं त्या हॉलमध्ये वाटून घेतलं जायचं. एकमेकांना विचारायचा प्रश्न एकच, "काय म्हणतात?" आणि उत्तरही एकच, "आहे तसंच."

"काय म्हणतात?" शिकवणीवाल्या बाईंनी विचारलं.

"आहे तसंच. झोपेचं औषध बंद केलंय, पण जाग येत नाहीये म्हणे."

"माझ्या भावाला उलट. जाग आलीय, तर शिव्या देतोय सगळ्यांना."

"द्या म्हणावं. शिव्या देणारा माणूस घरी जातो."

काकू खुर्चीत टेकल्या. किती दिवस झाले, हे मोजायचं त्यांनी सोडून दिलं होतं. अंग असं जड झालं होतं की पर्स उचलायची म्हटली तरी आधी मनाची तयारी करावी लागायची.

मिस्त्री म्हणजे पत्र्याच्या कारखान्यातले मिस्त्री. टाक्या, पेट्या, धुराडी ठोकून ठोकून त्यांचे कान कधी गेले, ते त्यांनाही कळलं नाही. काकूंना कळलं, कारण अंधारात बोललेल्या गोष्टींना उत्तरं यायची थांबली. पण ते दिवस वाईट होते. पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसवर काम करणाऱ्याचे कान ठीक नाहीत असं दिसलं, की मालक त्याला घरी बसवायचा. शिवाय मिस्त्रींचे वडीलही म्हातारपणी असेच झाले होते, आणि गल्लीतली पोरं त्यांना 'भिंत' म्हणायची. त्यांच्या पाठीमागे उभं राहून वाट्टेल ते बोलायची.

"कुणाला सांगितलंस," मिस्त्री तेव्हा बायकोला म्हणाले होते, "तर माझं मेलं तोंड पाहशील."

मग काकू त्यांचे कान झाल्या. मिस्त्री समोरच्याचे ओठ वाचायचे, आणि जे हुकलं ते काकू सहज बोलता बोलता पुन्हा म्हणायच्या. "काय म्हणता, लग्न ठरलं? अहो, ऐकलंत का, लग्न ठरलं!" लोक म्हणायचे, बाई फार बोलते, बिचाऱ्याला तोंड उघडू देत नाही. काकूंनी तो डागही अंगावर घेतला. नोकरी संपली, कारखाना बंद पडला, मालक वारला, तरी शपथ चालूच राहिली. कानातलं मशीन घ्या म्हटलं की मिस्त्री म्हणायचे, "गळ्यात पाटीच बांध ना त्यापेक्षा." पोटच्या मुलालासुद्धा माहीत नव्हतं. त्याचं एवढंच मत, की बाबांना आपल्यात रस नाही.

दुपारी डॉक्टरांनी छोट्या खोलीत बोलावलं. त्या खोलीचा अर्थ हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होता. चांगली बातमी डॉक्टर उभ्याउभ्या, दारातच सांगायचे. बसायला खुर्ची दिली, की समजून घ्यायचं.

डॉक्टर मुलाच्या वयाचा होता, आणि त्याच्याइतकाच थकलेला. "फुप्फुसं जरा सुधारलीत," तो म्हणाला. "काळजी मेंदूची आहे. आणलं तेव्हा ऑक्सिजन फार खाली गेला होता. आता ते डोळे उघडतात, पण आम्ही सांगितलेलं त्यांना समजत नाही. डोळे मिटा, हात दाबा, बोटं दाखवा, रोज सांगतो. मोठ्यानं हाका मारतो. काहीच नाही. नुसते आमच्या मास्ककडे बघत राहतात."

काकूंचा हात स्वतःच्या मास्कवर गेला.

"नळी फार दिवस तोंडातून ठेवता येत नाही," डॉक्टर सांगत होता. "पुढं जायचं तर गळ्याला छेद देऊन बसवावी लागेल. पण मेंदू साथ देणार नसेल, तर किती ओढायचं, हे तुम्ही ठरवायला हवं. घाई नाही. संध्याकाळी बोलू."

मुलानं मान खाली घातली. "आई, तू सांग."

काकूंच्या डोक्यात एकच घोळत होतं. त्या माणसाला समजत नाही कसं? त्याला दिसत नाही! आत पाऊल टाकणारा जो तो तोंड झाकून येतो. सिस्टर, डॉक्टर, मी स्वतः. ओठ कुणाचे वाचायचे त्यानं? मिस्त्री झोपेच्या औषधात होते तोवर काकूंच्या हे डोक्यातही आलं नव्हतं. झोपलेल्याला काय कान आणि काय डोळे. आणि सांगायचं नाही, याची सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की दाखल करताना डॉक्टरांनी 'आणखी काही त्रास?' असं विचारलं, तेव्हा 'नाही' हे उत्तर आपोआप निघालं होतं.

तरी त्या गप्प राहिल्या. मेलं तोंड. दोन शब्द, आणि अशा जागी आठवले, की जिभेला कुलूपच.

हॉलमध्ये सून डबा घेऊन आली होती. मुलगा तोंड धुवायला गेला, आणि काकू तिच्याजवळ जाऊन बसल्या. सुनेनं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "पण हाका मारून काय उपयोग? बाबांना ऐकू कुठं येतं?"

काकूंनी झटकन मान वर केली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मी सहा महिन्यांत ओळखलं. मी पाठमोरी बोलले की बाबा माझ्यावर रागावल्यासारखे वाटायचे, समोरून बोलले की गोड. तेव्हापासून समोर जाऊनच बोलते."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही इतक्या मेहनतीनं लपवत होतात," सून म्हणाली, "मला मोडवेना. पण आई, मला वाटलं डॉक्टरांना तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असेल!"

"शपथ आहे गं त्यांची. मेलं तोंड पाहशील म्हणालेत."

सुनेनं डब्याचं झाकण लावलं. "आणि गप्प राहिलात तर कुठलं तोंड बघणार आहात?"

शिकवणीवाल्या बाई पेपरातून मान वर न करता म्हणाल्या, "दहापैकी दहा."

काकू उठल्या. सगळी रांग हलली.

डॉक्टर दारातच भेटला. तोवर मुलगाही येऊन मागे उभा राहिला होता. काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं आणि बोलून टाकलं, "त्यांना ऐकू येत नाही. कितीतरी वर्षांपासून. ओठ बघून समजतं."

 डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला, आपल्याच. "आणि आम्ही सगळे मास्क लावून!"

"आई?" मुलगा म्हणाला. एवढंच. मग भिंतीला टेकला. "मी सायकल मागायचो. ते पत्रा कापत असायचे, मी मागून ओरडायचो. वळूनसुद्धा बघायचे नाहीत."

"तुझ्या वाट्याचं मी संध्याकाळी त्यांना सांगायचे," काकू म्हणाल्या. "सायकल आली की नाही?"

"आली. पण मला वाटायचं, तू आणलीस."

डॉक्टरांनी काकूंना आत नेऊन पलंगापासून जरा लांब, मिस्त्रींच्या नजरेसमोर उभं केलं. "थोडा वेळ मास्क खाली घ्या. सावकाश बोला." त्यानं मिस्त्रींच्या हाताची पट्टी सैल केली आणि खांद्याला हात लावला. मिस्त्रींनी डोळे उघडले. नजर मास्कवरून मास्कवर फिरली आणि काकूंच्या तोंडावर येऊन थांबली. बऱ्याच दिवसांनी माणसाचं अख्खं तोंड दिसल्यासारखी ती तिथंच रुतली.

"हात दाबायला सांगा," डॉक्टर म्हणाला.

पण काकूंना आधीचं मिटवल्याशिवाय पुढचं बोलणं जमेना. "अहो," त्या म्हणाल्या, "मी यांना सांगितलं. तुमच्या कानांचं."

मिस्त्रींच्या कपाळावर आठी पडली. ती आठी काकूंच्या चांगल्या ओळखीची होती.

"पोराला पण कळलं. आता यांचा हात दाबा."

डॉक्टरांनी आपला हात मिस्त्रींच्या तळव्यात ठेवला होता. मिस्त्रींची बोटं हलली. दाबली नाहीत. हळूहळू, फार कष्टानं, त्यांनी आपला हात त्या हाताखालून ओढून काढला. मग डोळे घट्ट मिटले आणि नळी जितकं वळू देईल तितकं तोंड भिंतीकडे वळवलं.

सिस्टरनं पुढं होऊन नळी सरकली नाही ना, ते पाहिलं.

"हे काय झालं?" सिस्टरनं विचारलं.

"रुसलेत," काकू म्हणाल्या, आणि आल्यापासून पहिल्यांदा त्यांना भरून आलं.

"रुसणं उत्तम," डॉक्टर म्हणाला. "रुसायला आधी सगळं समजावं लागतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, फुप्फुसांची लढाई अजून आहेच. शब्द काही देत नाही मी तुम्हाला. पण संध्याकाळचं ते बोलणं आज नको."

बाहेर येताना काकूंनी पाहिलं, सिस्टर जाड अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहीत होती: 'रुग्णाला ऐकू येत नाही. लिहून दाखवा.' तिनं तो पुठ्ठा बरोबर मिस्त्रींच्या डोक्यावर टांगला. शेवटी पाटी लागलीच. घरी आले तर यावरून वर्षभर बोलणार नाहीत, काकूंनी मनात म्हटलं. आले तर. न बोलणाऱ्या नवऱ्याची त्यांना सवय होती. तेवढं चालणार होतं.

काकू खुर्चीत बसल्या. शिकवणीवाल्या बाईंनी भुवया उंचावल्या. "काय म्हणतात?"

"चिडलेत," काकू म्हणाल्या.

"मग घरी येतील."

मुलगा मात्र बसला नाही. तो वॉर्डाच्या काचेशी गेला, मास्क हनुवटीखाली ओढला आणि तोंड मोठं मोठं उघडून आवाज न काढता काहीतरी म्हणू लागला. आतून मिस्त्रींनी तोंड जरा इकडे वळवून एक डोळा किलकिला केलेला दिसत होता.

"एवढं तोंड वासू नकोस रे," काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या. "नेहमीसारखं बोल. त्यांना समजतं."

मुलानं मान डोलावली आणि परत सुरुवात केली. तो काय सांगतोय, ते बघायला काकू उठणार होत्या. पण ते आता त्या दोघांचं होतं. त्यांनी पर्स पोटाशी धरली, मान मागे टाकली, आणि रांग दोनदा हलली तरी त्यांना जाग आली नाही.