वार्निश : भय्याजी

मी एक जुना कुंचला आहे, मित्रांनो, आणि मी काहीच विसरत नाही. आधीच सांगून ठेवतो. कुंचले बिचारे मुकाट राबतात, असं तुम्हाला कोणी शिकवलं असेल, तर ते डोक्यातून काढून टाका.

माझे केस खारीच्या शेपटीचे, नळी कबुतराच्या पिसाची, दांडी बांबूची. उमरेडच्या एका म्हाताऱ्याने मला बनवलं. तो तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवायचा आणि बैलांचे डोळे फक्त माझ्याकडून काढून घ्यायचा. पोरं ते बैल मिरवायची, लोक वाहवा करायचे, पण हे रंगवले कोणी, असं एकानेही कधी विचारलं नाही. म्हातारा गेला. त्याच्या लेकीने, रुक्माने, मला लुगड्याच्या घडीत गुंडाळून भिलाईला आणलं. तिचा नवरा शालिकराम तिथे नव्या कारखान्यात क्रेनवर आकडे रंगवत होता. केवढाले ब्रश होते त्याच्याकडे! मला बघून ते हसत असतील. हसोत बापडे.

एकसष्ट साली आमच्या सेक्टरच्या गणेश मंडळाने देखावा ठरवला, सीताबर्डीची लढाई. एका बाजूला भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला कंपनीचे लाल कोट. साठ सैनिक, मातीचे, प्रत्येक बोटाएवढा. मंडळाचे चिटणीस, कारखान्यातले हेडक्लार्क भय्याजी रुक्माकडे आले.

"रुक्माबाई, हे काम तुमच्याशिवाय कोणाले जमनार नाही."

"करीन मी," रुक्मा म्हणाली. "पैसा नोको. पाटीवर नाव पायजे. माया बापानं जलमभर बैल रंगवले, एकावरही त्याचं नाव नोयतं."

"तुमचंच नाव राहीन!" भय्याजी म्हणाले, चहा प्यायले आणि गेले.

दोन महिने आम्ही खपलो. पगडीचा पीळ, तलवारीची मूठ, लाल कोटावरच्या बटणांची रांग, सगळं मी केलं. बटणाला एकच केस टेकवायचा, श्वास रोखून. शेवटी एका कोरड्या, कडक उन्हाच्या दिवशी रुक्माने त्यांच्यावर वार्निशचा एकच पातळ हात दिला. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं ते वार्निश. सैनिक असे दिसू लागले की आता हाका मारतील.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भय्याजी सैनिक न्यायला आले. बाहेर पावसाची झड लागली होती.

"चमक कमी आहे," ते म्हणाले. "उद्या साहेब लोक येऊन राहिले. अजून एक हात मारून घेतो. द्या तो कुंचला अन् बाटली."

"आज नोका, भय्याजी! ओल्या हवेत लाखेवर पांढरं चढते. सारं काम नासन."

"तुमी बायकांनी मले शिकवू नका."

मांडवात पोचलो आणि मी पाटी पाहिली. ताजा रंग, मोठी अक्षरं, कलाकार भय्याजी. रुक्माचं नाव कुठेच नाही. मित्रांनो, तेव्हा माझ्या केसाकेसांत आग पेटली. त्यांनी मला बाटलीत बुडवलं तसं मी पोट भरभरून वार्निश प्यायलो आणि साठही जणांवर ओतलं. पांढरं चढणार हे मला ठाऊक होतं. चढू दे म्हटलं! रुक्माची मेहनतही त्यात जाईल हे मला सुचलं नाही. रागात सुचत नाही. काम झाल्यावर भय्याजींनी मला तसंच बाटलीत उभं ठेवलं, केस खाली, टोक मुरगळलेलं. धुणं राहिलं दूर, पुसलंसुद्धा नाही.

सकाळी मांडवात बोंब उठली. दोन्ही फौजा पांढऱ्याफटक! कणकेत लोळून आल्यासारख्या. कोण भोसल्यांचा आणि कोण कंपनीचा, कळेना. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष, इंजिनियर देवराव साहेब, आले.

"हे काय आहे?"

"साहेब, हे त्या रुक्माबाईचं काम," भय्याजी एका दमात बोलले. "तिनंच रंगवले सारे. माया काही संबंध नाही!"

देवराव पाटीकडे बघत राहिले. "मग इथं तुमचं नाव कावून?"

भय्याजी पाठीने पाटी झाकायला बघू लागले. अहाहा! तो क्षण मी आजही चघळतो.

रुक्माला बोलावलं. ती आली, सैनिकांकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले. मला तेव्हा पहिल्यांदा माझी लाज वाटली. पण तिने पदर खोचला.

"दुरुस्त होते साहेब. बारापर्यंत करून देतो. पण पयले पाटी पुसा. अन् शेगडीले वारा भय्याजी घालतीन."

आणि घातला! सैनिक पुन्हा रुक्माच्या घरी आणले, आणि तिथली खोली कोरडी होईपर्यंत हेडक्लार्क भय्याजी शेगडीपुढे घामाघूम बसले. स्पिरिट तिने शेगडीपासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवलं. शेकलेला एकेक सैनिक तिथे नेऊन माझ्या टोकावरचं जरासं स्पिरिट ती त्याच्यावरून फिरवायची, आणि धुकं उतरून खालून लाल, निळा, केशरी वर यायचा. त्याच स्पिरिटात मीही मऊ झालो. टोक मात्र कायमचं वाकडं राहिलं. एकोणसाठ सैनिक उजळले. साठावा, घोड्यावरचा गोरा कप्तान, तिने तसाच पांढरा ठेवला आणि सगळ्यांच्या पुढे उभा केला.

मग तिने पाटी घेतली. मला काळ्या रंगात बुडवून लिहिलं, रंगकाम : रुक्मा, तुळशीराम रंगाऱ्याची लेक. त्याखाली तिने आणखी एक ओळ लिहिली, वार्निश : भय्याजी.

दहा दिवस पोरं विचारत राहिली, "हा एकटाच पांढरा कावून?" आणि मोठी माणसं पाटीवरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवत राहिली. भय्याजी आरतीलाही मागच्या रांगेत.

आता मी रुक्माच्या फळीवर पेल्यात असतो, केस वर करून. मित्रांनो, कुंचला वापरला की धुवा, मागून आणला तर धुऊन परत करा. आणि ज्याच्या हाताने काम झालं त्याचं नाव लिहायला कधी विसरू नका. माझं टोक वाकडं आहे हे खरं, पण भय्याजींचं नाव मी अगदी सरळ लिहिलं होतं.