फुकटची फिटिंग

मोठ्या काकूंनी जन्मात सांगितलेल्या किमतीला काही घेतलं नव्हतं. आणि जे घेतलं ते कसं पाडून घेतलं, हे अख्ख्या गल्लीला ऐकवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. दुकानदार त्यांना लांबून येताना बघून आधी पाणी पिऊन घ्यायचे. तोंडात खालचे चार दात उरले होते, पण जिभेला दातांची गरज कधी पडलीच नव्हती.

त्यामुळे एसी घ्यायचं ठरलं तेव्हा दुकानात मुलाने जायचं की सुनेने, हा प्रश्नच आला नाही. काकू गेल्या. मुलाला औषधाच्या कारखान्यात कायमची रात्रपाळी. सकाळी घरी यायचा आणि झोपायला जायचा, तेव्हा त्याच्या खोलीची भिंत तापायला लागलेली असायची. दुपारी अंग पुसत उठून बसायचा. डोळे आत गेले होते पोराचे. एकदा तर कारखान्यात उभ्याउभ्या डुलकी लागली आणि हात यंत्रात जाता जाता वाचला. त्या दिवशी सुनेने पहिल्यांदा सासूसमोर आवाज चढवला आणि पहिल्यांदाच काकूंनी तो चढू दिला.

दुकानात काकूंनी एसीची किंमत पाडली ती पाडलीच, वर बसवणं फुकटात पदरात पाडून घेतलं. दुकानदार म्हणाला, बसवायचे पैसे सगळेच देतात. काकू म्हणाल्या, सगळे देत असतील, सगळ्यांना अक्कल नसेल. मग येताना वाण्याकडे थांबल्या, इस्त्रीवाल्याकडे थांबल्या, कंडक्टरच्या बायकोला तर मुद्दाम हाक मारून थांबवलं. बसवणं फुकट. एक पैसा नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीत एसीची कमी आणि त्या फुकटचीच चर्चा जास्त.

एसीवाला आला तो सडपातळ, कमी बोलणारा माणूस होता. त्याने खोली पाहिली, बाहेर जाऊन भिंती पाहिल्या, मान वर करून गच्ची पाहिली आणि मग जे सांगायला लागला ते संपेचना. बाहेरचा डबा गच्चीवर ठेवावा लागेल. तिथपर्यंत तांब्याचा पाइप न्यायचा. दहा फूट पाइप फुकट, पुढचा फुटावर. डब्याला लोखंडी स्टँड, तो वेगळा. मीटरपासून जाड वायर, ती वेगळी. भिंतीला भोक पाडायचं, तेही वेगळं.

"मग फुकट काय आहे रे?" काकूंनी विचारलं. "तुझं येणं?"

"माझी मजुरी फुकट, काकू."

"तुझ्यापेक्षा रिक्षाचं मीटर बरं. निदान थांबलं की थांबतं तरी."

तो हसला नाही. त्याने गच्चीपर्यंतचा हिशोब तोंडी सांगितला. एवढे पैसे काकूंकडे नव्हते असं नाही. कवळीसाठी बाजूला काढलेले होते. पण पैशापेक्षा दुसरंच काही तरी टोचत होतं. दाराशी कंडक्टरची बायको उभी होती. वाणी दुकानाच्या पायरीवरून मान लांब करून बघत होता. फुकट म्हणून ज्याचा डांगोरा पिटला, त्याचे आता सगळ्यांसमोर मोजून पैसे द्यायचे?

"दुसरीकडे कुठे नाही का बसणार तो डबा?" काकूंनी आवाज खाली आणून विचारलं.

बसणार होता. खोलीच्या मागच्या भिंतीवर. तिथे बसवला तर दहा फुटांत सगळं भागत होतं. एसीवाला त्यांना मागच्या बोळात घेऊन गेला. बोळ कसला, दोन घरांमधली फट. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावावी एवढीच. पलीकडच्या भिंतीत टेलरबाईची खिडकी होती.

टेलरबाई एकटी राहायची. खिडकीला मशीन लावून दिवसभर शिवत बसायची, कारण घरात उजेड येणारी जागा तेवढी एकच. काकूंकडच्या या खोलीची खिडकी आणि ही खिडकी अगदी तोंडाला तोंड लावून. किती वर्षं झाली, दुपारचा चहा त्या दोघी अशाच प्यायच्या. एकीने केला की हात लांब करून दुसरीला कप द्यायचा. टेलरबाई अंगठ्याने कापड सरकवत ऐकत राहायची, काकू बोलत राहायच्या. कुणाची सून कशी, कुणाचा जावई किती खातो. टेलरबाई मधेच एखादंच वाक्य टाकायची आणि काकू हसून हसून चहा सांडायच्या. काकूंना हसवणारं माणूस गल्लीत ते एकच होतं.

त्या दिवशी टेलरबाई अस्तराचं कापड आणायला बाजारात गेली होती. खिडकी सताड उघडी होती. मशीनवर अर्धवट शिवलेली बाही लटकत होती.

एसीवाल्याने खिडकीकडे बोट केलं. "डब्याची सगळी गरम हवा इथे आत जाईल."

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. बाहीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ती खिडकी बंदच असते."

एसीवाल्याने एकदा उघड्या खिडकीकडे पाहिलं, एकदा काकूंकडे पाहिलं, आणि ड्रिल भिंतीला लावलं.

पुढचे दिवस मजेत गेले. मुलगा झोपायला लागला. अशी झोप की सुनेने दोनदा जवळ जाऊन श्वास पाहिला. तो उठला की काकूंनी गल्लीतल्या बायकांना पाळीपाळीने गार हवेत बसवून घेतलं आणि प्रत्येकीला फुकटची कथा पहिल्यापासून सांगितली. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून बोळातली खिडकी बंद करून घेतली, फटींना कापडाच्या चिंध्या कोंबल्या. चहा आत प्यायला लागल्या, सुनेबरोबर. टेलरबाईची आठवण झाली नाही असं नाही. झाली की काकू स्वतःला सांगायच्या, कामात असेल. स्वतःची समजूत घालायला त्यांना फारसा वेळ लागत नसे.

मग खोलीला जाड पडदे हवेत असं ठरलं, आणि ते शिवायला टेलरबाईकडेच दिले. कापड सुनेच्या हाती पाठवलं. स्वतः गेल्या नाहीत. पडदे वेळेत आले नाहीत. निरोप धाडला, तरी नाहीत. शेवटी एक आला, तर त्याची शिवण रस्त्यावरच्या म्हशीसारखी, वाटेल तशी गेलेली. काकूंच्या मस्तकात तिडीक गेली. तो पडदा काखेत मारून त्या तरातरा निघाल्या.

टेलरबाईच्या घरात तेव्हा कंडक्टरची बायको माप द्यायला आलेली होती. बरोबर तिची जाऊ. काकूंना तर माणसं असली की जास्तच चेव येई. त्यांनी पडदा पसरून दाखवला आणि उंबऱ्यातूनच सुरुवात केली. डोळे मिटून शिवलंस का? हात थरथरायला लागले असतील तर सांग, गल्लीत दुसरं मशीन नाही असं थोडंच आहे. ओळखीचं गिऱ्हाईक म्हणून काहीही गळ्यात मारायचं का? एवढ्या वर्षांत काकूंनी हिला असं कधी बोलून घेतलं नव्हतं. आज मात्र जीभ थांबेना. कुठे तरी आत माहीत असतं ना माणसाला, म्हणूनच मग आवाज जास्त मोठा निघतो.

टेलरबाई मान खाली घालून ऐकत होती. गळ्यात ओला टॉवेल. "उसवून परत शिवून देते," एवढंच म्हणाली.

कंडक्टरच्या बायकोला राहवलं नाही. "शिवणार कशी सरळ? दिसायला नको? तुमच्या त्या डब्यापायी…"

"गप गं," टेलरबाई एकदम म्हणाली. "त्यांना काय ठाऊक? एसीवाल्याने लावला, त्यांना काय कळतंय त्यातलं. मुद्दाम करणाऱ्या आहेत का त्या?"

तेव्हा कुठे काकूंनी खोलीत नीट पाहिलं. मशीन खिडकीशी नव्हतं. आतल्या कोपऱ्यात, भांड्यांच्या फळीखाली, एका पिवळ्या दिव्याच्या उजेडात होतं. खिडकी घट्ट लावलेली, तिच्यावर जुनी सतरंजी खिळे मारून ठोकलेली. आणि तरीही खोली भट्टीसारखी तापलेली. टेलरबाईच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत येऊन कापडावर पडत होता, म्हणून तिने मांडीवर एक फडकं पसरून ठेवलं होतं.

काकूंनी पुढे होऊन सतरंजीचा कोपरा उचलला आणि कडी काढली. तोंडावर आली ती हवा नव्हतीच. मोठी गाडी अंगाला खेटून जाताना मागून जो गरम झोत येतो, तसलं काही तरी. समोर हाताच्या अंतरावर त्यांचा तो डबा घरघरत होता. त्याच्या पलीकडे त्यांचा मुलगा गाढ झोपला होता.

"बोलली का नाहीस?" काकूंनी वळून विचारलं.

"पोराची झोप होते ना," टेलरबाई म्हणाली. "म्हटलं उन्हाळा सरेल. बंद करा हो ती, आत येतंय सगळं."

काकूंनी खिडकी लावली. पडदा तिथेच राहिला. घरी आल्या आणि गार खोलीत न जाता स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या. सुनेने काय झालं विचारलं तर म्हणाल्या, डबा हलवायचा. वर, गच्चीवर. आजच्या आज.

हलवायला आधीपेक्षा जास्त पडले. काढायचे वेगळे, परत लावायचे वेगळे, पाइप, वायर, वर गॅस भरायचा. काकूंनी घासाघीस केली नाही. कवळीचे पैसे आणून एसीवाल्याच्या हातात ठेवले. सून आ वासून बघत राहिली. सासूने भाव न करता पैसे दिलेले तिने पहिल्यांदाच पाहिले.

एसीवाला मात्र पैसे खिशात घालताना बोळाकडे बघून म्हणाला, "ती खिडकी आता उघडी असते वाटतं, काकू."

सुनेने त्याच्याकडे पाहिलं. मग सासूकडे. काकू तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत जाताना बघत होत्या. इतकी वर्षं ज्या सुनेला त्यांनी भातातल्या खड्यासारखं निवडून निवडून बोलून घेतलं, ती आज वाटेल ते बोलू शकली असती.  ती आत गेली आणि भांडी घासायला लागली, आवाज न करता. काकूंना वाटलं, एखादं भांडं आपटलं असतं तरी बरं झालं असतं.

गल्लीत वेगळीच हवा पसरली. शेजारणीला त्रास होतो कळल्याबरोबर पदरचे पैसे घालून डबा हलवला. कोण करतं हो आजकाल? मोठ्या काकू तोंडाने फटकळ, पण मन बघा. वाण्याने दुकानाच्या पायरीवरून हात जोडले. कंडक्टरची बायको येऊन म्हणाली, मी उगाच बोलले त्या दिवशी. काकूंना तोंड कुठे लपवावं कळेना. आयुष्यभर जे ऐकायला कान आतुरलेले असायचे, ते आता कानात कढत तेल ओतल्यासारखं जाऊन बसत होतं. रस्त्यावर कुणी समोर आलं की त्या दुसऱ्या बाजूने जायला लागल्या.

पडदे टेलरबाईने स्वतः आणून दिले, सरळ शिवलेले. काकू नेमक्या न्हाणीत होत्या, म्हणजे आवाज ऐकून न्हाणीत गेल्या होत्या. तिने शिलाई घेतली नाही असं सून म्हणाली. म्हणाली, काकूंनी माझ्यासाठी एवढं केलं, त्यांच्याकडून काय घ्यायचं.

मग मात्र काकूंना बसवेना. शिलाईचे पैसे मुठीत घेऊन त्या गेल्या. मशीन पुन्हा खिडकीशी आलं होतं. टेलरबाईने तोंड भरून हसून बसा म्हटलं, स्टूल पुढे केलं. पैसे काही केल्या घेईना. ठेवा तुमच्याकडे, आधी दात करून घ्या, म्हणजे शिव्या तरी नीट ऐकू येतील. काकू हसल्या नाहीत, तेव्हा ती जराशी गोंधळली आणि तिने मशीनवरचा हात काढला. मग सांगायला लागली. डबा खाली होता तेव्हा ज्याने त्याने कान भरले होते तिचे. म्हातारीने मुद्दाम केलं, पैसे वाचवले, तू तोंड बंद का ठेवतेस. "वाण्याशी तर मी भांडले हो. दोन दिवस सामान दुसरीकडून आणलं. म्हटलं, त्या बोलतील, तोंडावर बोलतील, पण असं करायच्या नाहीत. ठाऊक असतं तर त्यांनी हे होऊच दिलं नसतं."

एवढं सांगून ती थांबली. काकूंनी काही विचारलं नव्हतं, तिनेही काही विचारलं नव्हतं. मान हलवली असती तरी भागलं असतं. हो गं बाई, एवढं म्हटलं असतं तरी चहा आला असता.

"ठाऊक होतं," काकू म्हणाल्या.

टेलरबाईला आधी कळलंच नाही.

"त्याने सांगितलं होतं मला. इथेच, बाहेर बोळात उभं राहून. तुझी खिडकी उघडी होती. मी म्हटलं, ती बंदच असते." काकूंनी खिडकीकडे बोट केलं. "चार पैसे वाचावेत म्हणूनही नाही. फुकट म्हणून सांगून बसले होते ना सगळ्यांना. म्हणून."

 टेलरबाईच्या चेहऱ्यावर राग आला असता तर काकूंना ठाऊक होतं रागाशी कसं वागायचं. पण राग आला नाही. ती एकदम दमल्यासारखी दिसली.

"मग मी भांडले कशाला?" ती म्हणाली. काकूंना नाही, स्वतःलाच विचारल्यासारखं.

काकूंनी पैशांची मूठ पुढे केली.   

टेलरबाईने काकूंच्या मुठीतले पैसे घेतले. मोजले, वरचे परत केले, आणि बाकीचे मशीनच्या खणात टाकले. मग खाली वाकून रिळात दोरा बघायला लागली, दोरा तिथेच होता तरी.

काकू उठल्या. दारापर्यंत जाऊन थांबल्या. कुणाच्या घरात जायला त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"उद्या येऊ का?"

टेलरबाईने मान वर केली नाही. "उद्याचं उद्या बघू, काकू," ती म्हणाली आणि पायाने मशीन चालू केलं.