दाराकडे पाठ

किल्लीमामांचा एक नियम होता: कुलूप उघडलं की दाराकडे पाठ करायची. लोकांच्या घरात डोकावणं म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ चोरी. तीस वर्षं हा नियम पाळला, म्हणून तर लोक डोळे झाकून त्यांना बोलवत. सगळ्यांत जास्त बोलवत ते घरमालक. "भाडेकरू सोडून गेला, खोली रिकामी आहे, तेवढं कुलूप बदला," एवढं म्हटलं की मामा पेटी उचलून निघालेच. भल्या माणसाला कागद मागायचा कशाला?

आजही तसंच झालं. तिसऱ्या मजल्यावरचं जुनं कुलूप निघालं, नवं बसत आलं. तेवढ्यात शेवटचा स्क्रू निसटून दाराखालून आत घरंगळला. पाठ करून स्क्रू कसा सापडणार? मामा आत गेले आणि जागच्या जागी थिजले.

शेगडीवरचं पातेलं अजून कोमट होतं. दोरीवरच्या इवल्याशा फ्रॉकमधून पाणी ठिबकत होतं. शिलाई मशीनच्या सुईखाली अर्धी शिवलेली बाही अडकली होती.

"खोली रिकामी आहे म्हणालात ना?" मामांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"होईलच की आता," दारात उभा असलेला मालक शांतपणे म्हणाला. "किल्ली द्या इकडे."

जिन्यात पावलं वाजली. लेकीला शाळेत सोडून त्या खोलीत राहणारी शिवणवाली ताई परतली होती. उघडं दार बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण ती डगमगली नाही.

"दावा चालू आहे अजून. कोर्टाचा हुकूम आहे का तुमच्याकडे? त्याशिवाय मला बाहेर काढता येत नाही."

ताई मामांकडे वळली.

"समोरच्या मास्तरांचं कुलूपही तुम्हीच बदललंत ना, मामा? बायकोला दवाखान्यातून आणायला गेले होते ते. आजारी बाईला घेऊन दोन दिवस याच जिन्यात बसले. जुनी किल्ली अजून खिशात घेऊन हिंडतात."

मालक ओरडत राहिला, पण मामांनी नवं कुलूप काढलं, जुनं परत बसवलं.

"हुकूम आणा, मग बोलवा," ते म्हणाले.

अशा 'रिकाम्या' खोल्यांची काढलेली कुलपं सुट्या भागांसाठी ते पेटीच्या तळाशी टाकत. आता ती त्यांनी जिन्यात ओतली. सतरा निघाली.

"यातलं मास्तरांचं कोणतं, ताई?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत मटकन पायरीवर बसले.