कडक इस्त्रीचा पहारेकरी

मी एक जुना डगला आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच पोतेरं समजू नका. मी गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध आहे, मला दोन बाह्या आणि दोन पाय आहेत, पुढे एकच लांब चेन आहे, आणि माझा रंग एके काळी गडद निळा होता. आता तो कोणता आहे यावर घरात एकमत नाही. मित्रांनो, माझं काम ऐकलंत तर तुम्हाला माझा हेवा वाटेल. रोज सकाळी मी मोटरसायकलवर बसतो, वारा खातो, धूळ आणि चिखल अंगावर घेतो, आणि पोटातला पांढराशुभ्र शर्ट, कोट आणि कडक इस्त्रीची पँट ऑफिसात सुखरूप पोहोचवतो.

माझा जन्म तंबू शिवायच्या कारखान्यात झाला. माझ्या मालकिणीची मावशी तिथे मशीनवर बसत असे. मालकिणीला मी मनातल्या मनात बाईसाहेब म्हणतो, कारण त्यांची ऐटच तशी आहे. त्यांना लहानपणापासून या मावशीनंच वाढवलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी बाईसाहेब नवाकोरा कोट घालून मोटरसायकलवर गेल्या आणि पाठीवर चिखलाची नक्षी घेऊन परत आल्या.  मावशीनं कारखान्यातून तंबूचं उरलेलं कापड मागून आणलं, भाचीला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि तोंडात टाचण्या धरून मापं घेतली.

"वादळात तंबू उभा राहतो, मग तुला काय धाड भरली?" एवढंच ती म्हणाली. माझी सगळी शिलाई तिनं दुहेरी घातली.

आमच्या घरची सकाळ म्हणजे नुसती धांदल. त्यात बाईसाहेबांचा एक कडक नियम होता, पँट सगळ्यात शेवटी. पँट घालून नाश्त्याला बसलं की गुडघ्यावर चुण्या पडतात. म्हणून वर शर्ट, टाय, कोट आणि खाली रात्रीचा पिवळा पायजमा, त्यावर बदकं, अशा अवतारात त्या चहा घेत. दारावरची घंटा वाजली तर मावशीला पुढे व्हावं लागे. चहा झाला की पायजमा जाई, पँट येई, आणि सर्वांवर मी चढे. केसांना रेशमी रुमाल, त्यावर हेल्मेट, बॅगेत चकचकीत काळे बूट. मग किल्ली फिरायची आणि माझ्या शिवणी थरथरायला लागायच्या.

काय सांगू तुम्हाला ती मजा! वळणावर आम्ही दोघं एकदम कलायचो. पुलावर वारा बाह्यांत शिरून मला फुगवायचा. पाण्याचा टँकर शेजारून फर्रकन जाई आणि खड्ड्यातलं सगळं पाणी माझ्यावर उडे. मी म्हणायचो, उडव लेका, अजून उडव, आत एक थेंब जाईल तर शपथ. ऑफिसात पोहोचल्यावर बाईसाहेब थेट बाथरूम गाठत, मला उतरवत, बूट चढवत आणि अशा बाहेर पडत, जणू गाडीचं दार कुणी तरी अदबीनं उघडून दिलंय. लोक म्हणत, "वा, काय टापटीप!" शर्टाचं कौतुक होई, कोटाचं होई. माझी मात्र झाडू-फडक्यांच्या कपाटात बोळा करून रवानगी होई. ओलाच्या ओला. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगाला असा कुबट वास येई की माझा मलाच राग यायचा.

हे ऑफिस दवाखान्यांना पलंग विकायचं. बाईसाहेबांचं टेबल अगदी मागे होतं. त्यांना हवं होतं पुढचं काम, म्हणजे ग्राहकांसमोर उभं राहून पलंग दाखवायचं. साहेबांनी त्यांना बोलावलं तेव्हा मी त्यांच्या हातावरच होतो, म्हणून सगळं माझ्या कानांवर पडलं.

"तुमचं काम चोख आहे," साहेब म्हणाले. "पण खरं सांगू? लोक आधी कपडे बघतात, मग पलंग. मोटरसायकलवरून आलेलं माणूस पुढे उभं करायला मला धीर होत नाही."

"सर, आजवर एक तरी डाग दिसलाय का माझ्या कपड्यांवर?"

"नाही दिसला. म्हणून एकदा संधी देतो. मोठ्या दवाखान्याच्या सिस्टर येतायत, त्यांना तुम्ही पलंग दाखवा. नीट झालं तर पुढचं टेबल तुमचं. पण त्या दिवशी काही अवतार करून आलात, तर मागचं टेबल ठरलेलं. आणि पुन्हा हा विषय काढायचा असेल तर आधी ती मोटरसायकल सोडून ऑफिसच्या बसनं यायला लागा."

मोटरसायकल सोडायची?  बाईसाहेबांना ते कसं सोसणार, दिवसभरात तिच्यावर असतील तेवढाच वेळ त्या कुणाच्या कर्मचारी नसत आणि कुणाच्या भाचीही नसत. आणि मी? बसला डगला कोण घालतं? माझी जागा माळ्यावर.

अखेर तो दिवस उजाडला. बाईसाहेब पहाटेपासून भाषण पुटपुटत होत्या. चहा पिताना पुटपुटत होत्या, दात घासताना तर त्यातलं निम्मं आरशावर उडालं. मावशीही हातावर हात धरून बसणारी नव्हती. खुर्चीवर टांगलेली पँट तिनं गुपचूप उचलली. म्हणाली असेल, घडीवरून एकदा इस्त्री फिरवू, सुरीसारखी धार यायला हवी. ती आतल्या खोलीत गेली. इकडे बाईसाहेबांनी पुटपुटत पुटपुटत खुर्चीकडे हात नेला, खुर्ची रिकामी दिसली, आणि त्यांच्या डोक्यानं हिशेब केला, पँट घालून झालेली दिसते. त्यांनी सरळ मला उचललं.

मित्रांनो, माझ्या पायात बदकं शिरली! पिवळी, ढगळ बदकं! मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही. मी चेन अडकवून पाहिली. बाईसाहेबांनी एक हिसका दिला आणि चेन गळ्यापर्यंत गेली. आम्ही खाली उतरलो. तेवढ्यात खिडकीत मावशी आली, हातात पँट धरून ती जिवाच्या आकांतानं हलवत होती. बाईसाहेबांना वाटलं, मावशी शुभेच्छा देतेय. त्यांनीही तोंडभर हसून हात हलवला आणि गाडी सोडली.

तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. बाईसाहेब हेल्मेटच्या आत गात होत्या आणि मी एकेका सिग्नलला देवाचा धावा करत होतो.

बाथरूममध्ये त्यांनी चेन उघडली. वर टाय, कोट, शर्ट, सगळं कसं चित्रासारखं. खाली बदकं.  बाईसाहेबांनी घाईघाईनं मावशीला फोन लावला.

"अगं, निघालेय मी टॅक्सीनं," पलीकडून मावशी धापा टाकत होती. "चौकात अडकलोय बघ. तू त्यांना जरा थांबव."

बाहेरून साहेबांचा आवाज आला, "या सिस्टर, या. वेळेवर आलात."

 बाईसाहेबांनी चेन कमरेपर्यंतच उघडी ठेवली, मला वरून उतरवलं, माझ्या बाह्या कमरेला घट्ट बांधल्या आणि श्वास घेतला. वर कोट, खाली मी. अशा थाटात आम्ही बाहेर आलो. साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला, पण ग्राहकासमोर बोलणार काय?

सिस्टर म्हणजे मोठं प्रकरण होतं. त्यांनी भाषण दोन वाक्यांतच तोडलं. "पाठ वर होते, पाय वर होतात, ते कागदावर वाचलंय मी. मला सांगा, चाकं जाम झाली की काय करायचं? आमच्याकडे चाकांत बँडेजचे दोरे गुंडाळले जातात. मागे दुसऱ्या कंपनीचे एक साहेब आले होते, त्यांनी लांबूनच काठीनं चाक दाखवलं. सूट चुरगळेल ना."

बाईसाहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, माझ्या बाह्यांत पुन्हा हात घातले, चेन वर ओढली आणि सरळ जमिनीवर आडव्या होऊन पलंगाखाली शिरल्या. अहाहा! चिखल खाल्ला होता, पण पलंगाखालची धूळ खायची ही माझी पहिलीच वेळ. "सिस्टर, वाका जरा. हे झाकण हातानंच निघतं, पान्हा लागत नाही. बघा, हा दोरा काढला. आता चाक फिरवा तुम्ही." सिस्टरांनी चाक फिरवलं. मग त्याही गुडघ्यांवर बसल्या आणि दुसरं झाकण स्वतः काढून बघितलं. दोघींच्या प्रश्नोत्तरांना असा रंग चढला की साहेब आहेत हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. मी मात्र घाबरलो होतो, कारण माझे पाय सरकून गुडघ्यापर्यंत वर गेले होते.

"बदकं छान आहेत," सिस्टर म्हणाल्या.

 त्याच वेळी दार उघडलं आणि हँगरला लावलेली पँट निशाणासारखी उंच धरून मावशी आत आली. "थांबा, थांबा, तिची पँट राहिलीय घरी." 

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना पलंगावर बसावं लागलं. बसल्या बसल्याच त्यांनी सांगितलं, पलंग हाच घेऊ, आणि कर्मचाऱ्यांना शिकवायला हीच बाई पाठवा.

साहेबांनी टाय सारखा केला. मग म्हणाले, "सामान पुढच्या टेबलावर हलवा."

"आणि सर, बस?"

"शिकवायला त्या दवाखान्यात वेळेवर जायचंय ना? मग मोटरसायकलनंच जा. बस कुठली वेळेवर येतेय."

त्या संध्याकाळी मावशी बाईसाहेबांच्या मागे बसली. आयुष्यात पहिल्यांदाच. ऑफिसातलं कुणाचं तरी हेल्मेट तिला सैल होत होतं. तिनं माझ्या दोन्ही कुशी मुठीत धरल्या, नेमक्या जिथे तिनं दुहेरी शिलाई घातली होती तिथेच, आणि डोळे मिटले. पुलावर वारा आला. "हळू गं, हळू," ती ओरडली. मला आनंद असा झाला की शिवणी उसवतात की काय असं वाटलं.

मित्रांनो, आता माझी चेन बदललीय, गुडघ्यांवर ठिगळं आहेत. तरी मी रोज जातो. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या टापटिपीमागे असाच कुणी चिखल झेलणारा असेल, तो डगला असो नाहीतर माणूस. घरी आलात की आधी त्याची विचारपूस करा. त्याला ओला बोळा करून फेकू नका, झटकून वाऱ्यावर टांगा. आणि जमलं तर एकदा मागच्या सीटवर बसवून लांब फिरवून आणा. पुलाच्या पलीकडे पोहोचल्यावर मावशीनं डोळे उघडले होते आणि भाचीच्या कानाशी येऊन विचारलं होतं, "एवढंच पळते का गं ही?"