खर्चासह फेटाळला

ठेकेदाराचा बदनामीचा दावा न्यायालयाने खर्चासह फेटाळला, तेव्हा संपादकबाईंना वाटलं, सुटलो एकदाचे. शाळेच्या जिन्यात सिमेंट कमी घातलंय, एवढंच त्यांच्या साप्ताहिकाने छापलं होतं, तेही तपासणीच्या अहवालानिशी. पण तीन वर्षांच्या तारखांनी नाकी नऊ आणले. वकिलाची फी, साक्षीदाराचा प्रवास, कागदांच्या नकला. त्यापायी छपाईचं यंत्र विकावं लागलं, अंक दुसऱ्याच्या छापखान्यातून काढावा लागे. आता तो खर्च ठेकेदाराकडून वसूल करायचा तर पैशापैशाची यादी द्यायची, आणि न्यायालयातला अधिकारी तिला कात्री लावणार.

"अर्धा मिळाला तरी पुष्कळ," वकीलसाहेब म्हणाले. "त्यापेक्षा हे बघा."

ठेकेदाराने तडजोडीचा मसुदा धाडला होता. पाच पानं. अख्खा खर्च, आठ दिवसांत, एकरकमी. बाईंनी पहिल्या पानावरचा आकडा तीनदा वाचला आणि पेन उघडलं.

तोवर शेवटची पानं भाऊजींनी ओढून घेतली होती. भाऊजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर आणि साप्ताहिकाचे मुद्रितशोधक. मजकुराच्या ओघात नजर वाहवते म्हणून ते कुठलाही कागद तळाच्या ओळीपासून वर वाचत. सख्ख्या भावाच्या लग्नपत्रिकेतही त्यांनी आधी छापखान्याचं नाव वाचलं होतं, नवरीचं मागाहून.

"वहिनी, पेन ठेवा खाली."

"का? आकडा चुकलाय?"

"आकड्यापर्यंत पोचलोय कुठे! इथे शेवटी लिहिलंय, जिन्याची बातमी सगळीकडून काढून टाकायची. आणि खटला झाला होता, हे कुणापाशी बोलायचं नाही. कधीच."

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "अशी कलमं असतातच हो. पैसे तर पुरते मिळतायत. यंत्र परत घेता येईल."

बाईंनी कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. फरशीवर यंत्राच्या पायांचे चार डाग होते.

"यंत्र घेऊन छापू काय? त्याला विचारून?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. "यादी करायला घ्या, साहेब. अर्धा तर अर्धा. पण हुकूम न्यायालयाचा हवा, चारचौघांना दाखवता येईल असा."

दोघा दीर-भावजयींनी आठवडाभर पावत्या लावल्या. सुनावणीला ठेकेदाराच्या वकिलाने पहिलाच आक्षेप घेतला, "साक्षीदार एक आणि प्रवास चार वेळा?"

"तीन वेळा तुमचे ठेकेदार ऐन तारखेला आजारी पडले," बाई म्हणाल्या. "आमचा साक्षीदार बिचारा ठणठणीत. दर वेळी यायचा."

अधिकाऱ्याने हसू दाबलं आणि चारही प्रवास मंजूर केले. वकिलाच्या फीला मात्र कात्री लागलीच. निम्म्याहून थोडं जास्त हातात आलं. त्यात यंत्र येण्यासारखं नव्हतं. पुढच्या अंकात हुकूम पहिल्या पानावर छापला, अथपासून इतिपर्यंत.

दोन दिवसांनी दूरच्या गावाहून फोन आला. तिथल्या चार पानी वृत्तपत्राच्या संपादकावर त्याच ठेकेदाराने दावा ठोकला होता, पुलाच्या बातमीवरून.

"घरचे म्हणतात, माफी मागून मोकळे व्हा," तो चाचरत म्हणाला. "ताई, खरंच खर्च मिळतो? तुमच्या हुकुमाची नक्कल मिळेल?"

"मिळतो. सगळा नाही, पण मिळतो," बाई म्हणाल्या. "नक्कल आजच टाकते. पत्ता सांगा. आणि आजपासून एकूण एक पावती जपून ठेवा. माफीचं नावसुद्धा काढू नका."