चाकाखालची पहार

मी एक जुनी पहार आहे. जुनी म्हणा, म्हातारी म्हणायचं काम नाही! डोंगरकडा गावात अन्सारमिस्त्रींच्या गॅरेजात मी पत्र्याच्या दाराला टेकू म्हणून उभी असायचे. आता कुठे असते, ते शेवटी सांगते.

मित्रांनो, माझा जन्म ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून झाला. प्रभू लोहाराने मला तापवलं, बडवलं आणि माझं एक टोक चपटं केलं. वीस वर्षं मी जीपची आणि टेम्पोची चाकं उचलली. "ही कधी खोटं बोलत न्हाई," असं मिस्त्री म्हणायचे. मग नवी चकचकीत अवजारं आली आणि माझी रवानगी दाराशी झाली. फार वाईट वाटलं. रडता येत नाही म्हणून गंजले.

गेल्या हिवाळ्यात एकदा सकाळी सातला मिनाताई आपली भाड्याने चालवायची जीप घेऊन आली. गाडीत शाळेच्या कबड्डी संघाच्या बारा मुली होत्या. हिंगोलीला जिल्ह्याचे सामने होते. हजेरी दहाला, उशीर झाला की संघ बाद.

"काका, निस्ती हवा भरा," मिनाताई म्हणाली.

मिस्त्रींनी पुढच्या टायरवरून हात फिरवला. "हे आतून काहून झिजून राहिलं?"

"तालुक्याला दाखवली की. जॅकवर चढवून चाक हलवलं. ठणठणीत हाय म्हणले."

"जॅक कुठं लावला व्हता?"

"चासीखाली."

"मंग कसं कळंल, बेटा?"

तुमच्या खांद्यात गोळा वाटीत फिरतो ना, तसाच एक सांधा चाकाच्या आत असतो. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. अशा जीपमध्ये चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, जॅक लावला की स्प्रिंग त्या सांध्याला ताणून धरते. मग तो कितीही झिजलेला असो, गप्प बसतो. जॅक चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मखाली लावला, की त्याचं सोंग संपतं. पण मग चाक उचलायला लांब, दणकट कुणीतरी लागतं. नवी अवजारं सगळी वीतभर! मिस्त्री थेट माझ्याकडे आले.

जॅक आर्मखाली गेला, चाक बोटभर वर आलं आणि मी टायरखाली शिरले.

"सांध्याकडं बघ," म्हणत मिस्त्रींनी मला उचललं. टक्!

"अगं बाई! गोळा वर-खाली हालून राहिला!" मिनाताई ओरडली.

"हा निसटला की चाक आडवं व्हतं. मंग गाडी कुणाच्या हातात राहात न्हाई."

कप्तान सीमाचं तोंड एवढंसं झालं. मिनाताईने एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि किल्ली मिस्त्रींच्या हातात दिली. "काढा. उशीर झाला तर बोलणी मी खाईन."

जुना सांधा निघाला. मिस्त्रींनी तो उलटा धरला, तर गोळा आपोआप मिनाताईच्या तळहातावर पडला. सीमाने हळूच ताईचा दंड धरला.

साडेआठला नवा सांधा घालून जीप सुटली. दहाला पाच कमी असताना पोहोचली, हे मला संध्याकाळी पोरींकडून कळलं. त्या परत आल्या त्याच मुळी जीपचा पत्रा बडवत! सीमाच्या डोक्यावर जिंकलेली ढाल होती. पोरी उतरल्या आणि आधी मलाच गुलाल फासला.

"अरे, तिचा गंज तरी पुसू द्या!" मिस्त्री हसून म्हणाले.

"राहू द्या काका. आमची तेरावी गडी हाय ती!" सीमा म्हणाली.

मित्रांनो, घरची गाडी तपासायला नेली, तर मोठ्यांना एवढं विचारायला लावा: जॅक कुठं लावला? आणि गॅरेजात कोपऱ्यात एखादी जुनी पहार दिसली, तर तिला जरा तेलाचा हात लावा.

मी आता मिस्त्रींच्या डोक्याच्या वर, मोठ्या खिळ्यावर असते. शेजारी तो झिजलेला सांधा टांगलाय. माझ्या टोकाचा गुलाल अजून कुणी पुसलेला नाही. आणि दाराला? दाराला दगड लावलाय.