पुसलेला फळा

उघड्या डब्यातल्या भुकटीत अर्धं रुतलेलं ते पांढरं प्लास्टिकचं माप — दांडी तेवढी वर, कुणी बोट उगारावं तशी — दिसलं आणि त्याला पत्र आठवलं. आठवलं म्हणणंही तसं बरोबर नाही. आठवते ती विसरलेली गोष्ट. हे पत्र एकवीस वर्षं त्याच्याजवळच होतं, वाचत असलेल्या पुस्तकात, खुणेसाठी घातलेलं. एक पुस्तक संपलं की दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात... आताही कोटाच्या खिशातल्या पुस्तकात अर्ध्यावर होतं. सात ओळी. शेवटची ओळ — फक्त हो किंवा नाही, एवढं कळवा.

त्यानं कळवलं नव्हतं.

"काका, मी काय विचारतेय?" पुतणी म्हणाली.

"ऐकतोय ना."

"काय ऐकलंत, सांगा बघू."

"तीन डबे," तो म्हणाला, "आणि त्यांतला एक."

"बरं, निदान मोजता तरी येतं!" ती हसली आणि दाण्याच्या पेटीवर बसली, पण टाच पेटीवर आपटत राहिली, ठक, ठक. खिडकीबाहेर अंगणात घोडीनं त्या आवाजासरशी कान वळवले. त्यानं ते पाहिलं. पुतणीला सांगावं असं वाटलं, पण सांगण्याआधी ते खरंच तसं आहे का याचा विचार करत बसला, आणि तेवढ्यात वेळ निघून गेली. त्याच्या बहुतेक बोलण्यांचं असंच होत आलं होतं.

तबेल्यातली ही दाण्याची कोठी तीस वर्षं त्याच्या हाताखाली होती. कोणत्या घोड्याला ओट किती, कोंडा किती, कोणाचा कोंडा कोमट पाण्यात भिजवायचा — सगळं तो बघायचा, आणि मधल्या वेळात पेटीवर बसून वाचायचा. औषधाच्या डब्यावरचा कागदसुद्धा पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचतो म्हणून त्याला सगळे पोथीकाका म्हणायचे. काम सोडून आता नऊ वर्षं झाली होती. भावाची मुलगी इथंच घोडेस्वारी करते, एवढाच आता त्याचा इथं संबंध. आज तिनंच बोलावून घेतलं होतं.

अडचण घोडीची होती. घरच्या मैदानावर ती इतकी शहाणी, की पाठीवर पाण्याचा पेला ठेवावा आणि हिंदकळू नये. पण स्पर्धेच्या जागी गाडीतून उतरली, कर्ण्यातून पहिली घोषणा झाली, की अंगावर साबण चोळल्यासारखा फेस. पाण्याला तोंड लावायची नाही. गेल्या दोन्ही स्पर्धांत पहिल्या अडथळ्याच्या आधीच ती रिंगणाबाहेर पळाली होती. पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर होती, आणि तबेल्याच्या मालकांनी सांगून टाकलं होतं — या वेळी जमलं नाही तर घोडी विकायची.

"डॉक्टरांनी तपासलं," पुतणी म्हणाली. "पोटात काही नाही, दात ठीक, पाठ ठीक. म्हणाले, स्वभाव आहे. शांत राहण्यासाठी काहीतरी देऊन बघा. दुकानदारानं हे तीन दिले. मला तर तिन्ही सारखेच वाटतात. तुम्ही वाचून सांगा."

"मी कसं सांगणार? मी काही डॉक्टर नाही."

"तुम्ही नाही तर कोण? इथं वाचतं कोण?"

बाहेरून नालबंदाचा आवाज आला. तो घोडीचा मागचा पाय मांडीवर घेऊन खुराला कानस लावत होता. तोंडात खिळे, तरी बोलायचं थांबत नव्हता. "अगं, घाई करू नकोस! पोथीकाकांचं वाचून होईपर्यंत घोडी म्हातारी होईल. म्हातारी झाली की आपोआप शांत. औषधाचा खर्च वाचला!"

"तुम्ही खुराकडे बघा," पुतणी ओरडली.

त्यानं चष्मा पुसला आणि पहिला डबा ओढला. मॅग्नेशियम. तीन-चार आठवडे रोज द्यायचं, खाद्यात आधीच पुरेसं असेल तर फरक पडेलच असं नाही — निदान कागद प्रामाणिक होता. दुसऱ्या डब्यात औषधाची पिचकारी, ती स्पर्धेच्या सकाळी, दोन तास आधी, सरळ जिभेवर. तिसरा डबा वनस्पतींचा. त्यानं झाकण फिरवलं आणि —

वास.

तगराची मुळी. ओल्या, दिवसभर घातलेल्या मोज्यांसारखा तो वास, आणि त्याच्या तळाशी काहीतरी गोड. एकवीस वर्षांत त्यानं तो घेतला नव्हता, आणि तरी वास नाकात शिरायच्या आधीच हाताला कळला होता. झाकण धरलेली बोटं आधी थांबली, मग वास आला.

तो घोडा तपकिरी होता. कपाळावर वाकडा पांढरा ठिपका. खोगीर शिवणाऱ्याची मुलगी त्याच्यावर बसायची, तेव्हा ती एकोणीस वर्षांची असेल, आणि तो घोडासुद्धा असाच, गर्दी पाहिली की थरथरणारा. तेव्हा स्पर्धांत असल्या मुळ्या तपासायला कुणी येत नव्हतं. त्यानं एका जुन्या ग्रंथात त्या मुळीबद्दल वाचलं होतं, दोनदा वाचलं, टिपण काढलं. कुणाला विचारलं नाही. जन्मभर मीठ जास्त झालं की काय म्हणून घास हातात धरून बसणारा माणूस मी. पण त्या दिवशी मला खात्री होती. आयुष्यात एकदाच कशाची तरी खात्री वाटली, आणि ती कुणाला सांगावीशीही वाटली नाही — इतकी गोड होती ती.

कोठीत एक फळा होता. अजूनही आहे, तिथंच, दाराच्या उजवीकडे. फळ्यावर खडूनं प्रत्येक घोड्याचं खाद्य लिहिलेलं, आणि ज्यानं पूड घातली त्यानं पुढे फुली मारायची, म्हणजे दुसरा पुन्हा घालणार नाही. इथली रीतच ती. आणि स्पर्धेच्या सकाळी पाहुणे कोठीवरून जातात म्हणून फळा स्वच्छ धुवायचा, हीही इथलीच रीत. दोन्ही रिती एकमेकींच्या मुळावर येतील असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या सकाळी त्यानं मुळीची पूड कोंड्यात कालवली. फुली मारली. फळा धुतला. मग पेटीवर बसून वाचू लागला. प्रकरण संपत आलं होतं, आणि... वर पाहिलं तर फळा कोरा. कोरा फळा म्हणजे अजून घातलेलं नाही. वर्षानुवर्षांची हाताची सवय. त्याला आठवतं, माप हातात होतं. दुसऱ्यांदा होतं. की ते आदल्या दिवशीचं आठवतं? बादली तीच, कोंडा तोच, माप तेच. एकाच हालचालीच्या हजारो आठवणी एकावर एक बसलेल्या, त्यांतून त्या सकाळची वेगळी कशी काढायची?

तिसऱ्या अडथळ्यापाशी घोड्यानं पाय उचलले ते कुणीतरी झोपेतून उठावं तसे. तेवढे पुरले नाहीत. आवाज आधी लाकडाचा आला. मग दुसरा.

"कसला घाण वास!" पुतणी नाक धरून म्हणाली. "पण दुकानदार म्हणाला, हाच सगळ्यांत जोरदार. शंभर टक्के."

"झाकण लाव त्याला," तो म्हणाला. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. मग सावरून, "स्पर्धेत चालत नाही ते. तपासणीत सापडतं. बाद करतील दोघींना."

"बघा! आणि म्हणे मी काय सांगणार."

नालबंद पाय खाली ठेवून खिडकीशी आला, खिळे तळहातावर काढून घेतले. तो तेव्हाही इथं होता, नुकता शिकत होता. "तगराचा वास ना? लहानपणी आमची आजी झोपेसाठी घ्यायची. घोरायची अशी, की बाकी घराची झोप गेली!" मग कपाळ पुसत सहज म्हणाला, "परवा गेलो होतो, खोगिराच्या दुकानी. चामड्याचा एप्रन शिवायला टाकलाय. बाप गेला, आता तीच चालवते दुकान. कमरेतून जरा झुकूनच चालते अजून. पण हात काय सुरेख आहे! मी म्हटलं, ताई, कधी तबेल्यावर या की. तर म्हणाली, कोणत्या तोंडानं येऊ? चांगला घोडा मी घालवला. उडीच्या वेळी टाच उशिरा लागली माझी."

"असं म्हणाली?" त्यानं विचारलं.

"एकवीस वर्षं तेच म्हणते. मी म्हटलं, सोडा आता. तर म्हणते, टाच माझीच होती ना." नालबंदानं खिळे पुन्हा तोंडात घातले आणि परत गेला.

कानशीचा आवाज सुरू झाला. खरर, खरर. म्हातारा डब्यावरच्या कागदाकडे पाहत राहिला, अक्षरं दिसत होती, शब्द होत नव्हते. पत्रात तिनं टाचेचंही लिहिलं होतं. चौथ्या ओळीपासून. *रोज पुन्हा तिथंच जाते. टाच उशिरा लागली असं वाटतं. पण तो उडायच्या आधीच जड होता असंही वाटतं. तुम्ही त्याला काही दिलं होतं का?* त्या ओळी त्याला पाठ होत्या. पण इतकी वर्षं त्यानं त्या पत्रात एकच प्रश्न वाचला होता — एकदा की दोनदा — आणि तो तिनं विचारलेलाच नव्हता. तो त्याचा होता. त्या प्रश्नामागे लपून तो किती आरामात बसला होता! मनातल्या मनात किती उत्तरं लिहिली, किती वाक्यं सुधारली, एखादा शब्द बदलून अधिक नेमका केला... पक्कं ठाऊक नसताना कसं लिहावं, हा किती सभ्य बहाणा. तिनं तर हो किंवा नाही विचारलं होतं. आणि त्याचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पत्र पोचलं त्या दिवशी तिची टाच त्या दोषातून मोकळी करता आली असती.

"काका? बरं वाटतंय ना? पाणी आणू?"

"पहिला डबा," तो म्हणाला. "अर्ध्या मापानं सुरू कर, उद्यापासून. पण आधी डॉक्टरांना हा कागद दाखव. तिच्या खाद्यात आधीच असेल तर नकोच. पिचकारी परत दे. स्पर्धेच्या सकाळी नवीन काही द्यायचं नाही. काहीही नाही."

"आणि एवढ्यानं ती शांत होईल?"

"माहीत नाही. कदाचित काहीच होणार नाही." या वेळी ते खरंच तसं आहे का हे शोधत बसायचं नाही असं त्यानं ठरवलं. "तू टाच आपटतेस तेव्हा ती कान वळवते. मघापासून बघतोय. तिच्याआधी तूच घाबरतेस बहुतेक. कर्ण्याचा आवाज रोज थोडा थोडा इथंच ऐकवा तिला. तुम्ही दोघीही ऐका."

पुतणीची टाच थांबली. तिनं आपल्याच पायाकडे पाहिलं, कुणा दुसऱ्याचा असावा तसं. "खात्री आहे तुमची?"

"नाही," तो म्हणाला. "म्हणून तर वहीत लिहायचं. शाईनं. कोणी, किती, किती वाजता. त्या फळ्यावर नाही. तो पुसला जातो."

"पोथीकाका ते पोथीकाकाच," ती म्हणाली, पण वही काढली.

नालबंद गेला, पुतणी घोडी फिरवायला घेऊन गेली. तो पेटीवर बसला. पुस्तकातून पत्र काढलं. घड्या इतक्या मऊ झाल्या होत्या की कागद कापडासारखा वाटत होता. वहीचं एक कोरं पान फाडलं. सुरुवातीला काय लिहावं यावर नेहमीसारखा अडला — चिरंजीव? ती आता चाळिशीची. मग सुरुवात सोडूनच दिली.

*हो. मी दिलं होतं. तगराची पूड, सकाळच्या कोंड्यात, तुला न विचारता. दुसऱ्यांदाही दिलं असेल. ते मला आजही नक्की सांगता येत नाही. टाच तुझी उशिरा लागली नव्हती. घोडाही वाईट नव्हता. हे मला तेव्हाच लिहायला हवं होतं.*

वाचून पाहिलं. 'तेव्हाच' या शब्दावरून दोनदा नजर फिरवली, काही चांगलं सुचतंय का... आणि घडी घातली.

लिफाफा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला. पत्ता जुन्या पत्रावरून उतरवला, मग तेही आत घालून लिफाफा चिकटवला. दुकान तेच आहे, एवढं नालबंदानं सांगितलंच होतं. टपालपेटी शाळेच्या भिंतीला होती, लाल रंग उडालेली. दुपार टळत आली होती, रस्त्यावर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. त्यानं लिफाफा पेटीच्या तोंडात घातला आणि सोडला.

आत काहीच वाजलं नाही. पेटी भरलेली असेल, कागदावर कागद पडला असेल. तो तिथंच उभा राहिला. टाकलं का? बोटं सोडली का? हात बाहेर काढून पाहिला, मग कोटाचे खिसे चाचपले, डावा, उजवा, आतला. पुस्तक होतं. पुस्तकात खूण नव्हती. कितव्या पानावर होतो ते आता त्याला ठाऊक नव्हतं. उद्या-परवा ती लिफाफा फोडेल, शिवणाची सुई खाली ठेवून. त्यानंतर काय, हे त्याला दिसेना. त्याला भीती वाटत होती, पण ही भीती ओळखीची नव्हती.

बोटांना अजून तगराचा वास येत होता. त्यानं रिकामा हात पुन्हा एकदा उघडून पाहिला. टाकलं, तो स्वतःशी म्हणाला. एकदा.